वीस बाइटचा बॅकअप

पतसंस्थेच्या सर्व्हरवर रोज रात्री दोनला बॅकअप होतो, असं मी संचालकांना दोन वर्षं छातीठोकपणे सांगत होते. मार्चअखेरीच्या धांदलीत कुणीतरी भलतीच नोंद पुसली, म्हणून कालची फाइल काढली. फाइल होती, तारीखही बरोबर. आकार मात्र 20 बाइट. परवाची 20, तेरवाचीही 20. एकोणीस दिवस मागे गेले तेव्हा कुठे 38 एमबीची धड फाइल सापडली.

मी मायएसक्यूएल या आमच्या डेटाबेसचा पासवर्ड बदलला होता, बॅकअप घेणाऱ्या स्क्रिप्टमध्ये बदलायला विसरले. डेटाबेसची नक्कल (डंप) काढणारा मायएसक्यूएलडंप दारातूनच परत फिरला आणि पाइपने (एका प्रोग्रामचं आउटपुट दुसऱ्याला देणारी जोडणी) जोडलेल्या, फाइल दाबून लहान करणाऱ्या जीझिपने हाती आलेलं 'काहीच नाही' व्यवस्थित दाबून ठेवलं. रिकाम्या जीझिपचं वजन 20 बाइट. पाइपमध्ये निकाल धरतात तो शेवटच्या प्रोग्रामचा, म्हणजे सगळं आलबेल! ठरल्या वेळी कामं चालवणारा क्रॉन बिचारा चूक रोज सर्व्हरवरच्याच टपालपेटीत टाकत होता. ती पेटी उघडतंय कोण?

तर आता असं करा. स्क्रिप्ट बॅशमध्ये लिहा आणि वरच 'सेट -ओ पाइपफेल' टाका, म्हणजे पाइपमधला कुठलाही प्रोग्राम पडला तरी निकाल अपयशाचा येतो. कमांड थेट क्रॉनटॅबमध्ये (क्रॉनच्या कामांच्या यादीत) लिहू नका: तारखेसाठीचं % तिथे ओळ तोडतं, हाताने चालवली की मात्र तीच कमांड बिनतक्रार चालते. (यात माझी एक अख्खी दुपार गेली.) पासवर्ड 600 परवानगीच्या (फक्त मालकालाच उघडता येणाऱ्या) वेगळ्या फाइलीत ठेवा. इनोडीबी (मायएसक्यूएलचा नेहमीचा प्रकार) टेबलांसाठी मायएसक्यूएलडंपला '--सिंगल-ट्रान्झॅक्शन' द्या, म्हणजे नक्कल एकाच क्षणाची येते; डेटाबेसमध्ये साठवलेले प्रोग्राम ('--रूटीन्स') आणि वेळेवर चालणारी कामं ('--इव्हेंट्स') मागितल्याशिवाय मिळत नाहीत. नोंद बदलली की आपोआप चालणारे ट्रिगर तेवढे न मागता येतात. का, ते विचारू नका.

'--डिफॉल्ट-कॅरॅक्टर-सेट=यूटीएफ8एमबी4' हेही लिहाच. अक्षरं साठवायची मायएसक्यूएलची जुनी पद्धत 'यूटीएफ8' एका अक्षराला तीनच बाइट देते. देवनागरीला तेवढे पुरतात, म्हणून वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही. शेऱ्यात कुणी हसरा चेहरा (इमोजी, त्याला चार लागतात) टाकला असेल, तर डंपमध्ये तिथे प्रश्नचिन्ह उमटतं.

पोस्टग्रेस हा दुसरा डेटाबेस वापरणाऱ्यांनी हसू नये. त्यांचा पीजीडंप एका डेटाबेसपुरता असतो, वापरकर्ते नि त्यांचे पासवर्ड त्यात येत नाहीत. त्यासाठी 'पीजीडंपऑल --ग्लोबल्स-ओन्ली' वेगळं चालवावं लागतं. जानेवारी 2017 मध्ये गिटलॅब या प्रोग्रामांचा कोड ठेवणाऱ्या सेवेचा डेटा उडाला तेव्हा कळलं, की पोस्टग्रेसचा सर्व्हर आवृत्ती 9.6 चा आणि पीजीडंप 9.2 चा असल्याने बॅकअप होतच नव्हता. अपयशाचे ईमेलही पोचत नव्हते.

डंप झाल्यावर स्क्रिप्टनेच शेवटची ओळ तपासावी. मायएसक्यूएलडंप नीट संपला तर शेवटी 'डंप कम्प्लीटेड' लिहितो. ती ओळ नसेल तर मला मोबाइलवर एसएमएस येतो, टपालपेटीत नाही.

आणि महिन्यातून एकदा फाइल दुसऱ्या मशीनवर उतरवा, म्हणजे तिच्यातून डेटाबेस पुन्हा उभा करून पाहा. दुसऱ्याच, कारण '--डेटाबेसेस' लावून डंप घेतला असेल तर फाइलीत 'यूज'ची (कोणत्या डेटाबेसवर काम करायचं ते सांगणारी) ओळ असते आणि तुम्ही नवं नाव दिलंत तरी ती चालू डेटाबेसवरच जाऊन बसते. मी जुन्या लॅपटॉपवर उतरवते, सभासद मोजते, 'ज्ञानेश्वर' शोधून अक्षरं पाहते, मग आदल्या दिवसाची शेवटची पावती रोखपालाच्या पुस्तकाशी ताडते. मागच्या महिन्यात एका पावतीचा फरक आला. घाम फुटला. रोखपालांचं पान उलटायचं राहिलं होतं.