कथासरित्सागर गटाने वाचायचा असेल तर

पहिल्या खेपेला आमचा व्हॉट्सअ‍ॅपवरचा वाचनगट नवव्या दिवशी बुडाला. एकोणीस जण, रोज एक तरंग (म्हणजे प्रकरण), 124 तरंग, म्हणजे चार महिन्यांत सागर पार, हा हिशेब मीच मांडला होता. मी हिशेबच लिहिते, इंदूरच्या सियागंजातल्या चार-पाच दुकानांचे. एक तारखेला वाचन सुरू झालं आणि नवव्या दिवशी मला आठवलं की अकराला जीएसटीआर-1, म्हणजे विक्रीचं विवरणपत्र, भरायचं आहे. मी मागे पडले. गट काढणारी बाईच गप्प म्हटल्यावर बाकीचे कशाला बोलतील? त्या गटावरचा शेवटचा मेसेज म्हणजे ग्वाल्हेरच्या आत्यांनी पाठवलेलं गुलाबाचं फूल, त्यावर 'शुभ सकाळ'.

दुसऱ्या खेपेला अकरा जण निघालो आणि नऊ जण पोचलो. मधल्या काळात जे शिकले ते सांगते. तुम्ही दुसरा एखादा जाडजूड, गुंतागुंतीचा अद्भुत ग्रंथ घेणार असाल तरी यातलं बरंचसं लागू पडेल.

आधी हे पुस्तक अवघड का आहे ते सांगते, कारण गटाची सगळी व्यवस्था त्या अडचणीभोवती लावावी लागते. काश्मीरच्या सोमदेवाने अकराव्या शतकात राणी सूर्यमतीच्या मनोरंजनासाठी हे रचलं. 18 लंबक (म्हणजे भाग), 124 तरंग, एकवीस हजारांहून जास्त श्लोक. विद्याधर आहेत, यक्ष आहेत, पिशाच्चं आहेत, शाप आणि उःशाप तर पानोपानी. भाषेची अडचण नाही, कारण आपण अनुवादच वाचतो. अडचण दोन ठिकाणी आहे. एक, गोष्टीत गोष्ट, तिच्यात आणखी गोष्ट. डबा उघडावा तर आत डबा. दुसरी, नायक नरवाहनदत्त जन्माला येतो तोच मुळी तेविसाव्या तरंगात. तोवर लोक विचारत राहतात, "अहो, नायक कुठे आहे?" हे पहिल्याच दिवशी सांगून टाका. लपवून ठेवलंत तर तिसऱ्या आठवड्यात दोन माणसं कमी होतात.

म्हणून सगळा सागर एकदम जाहीर करू नका. पहिले चार लंबक घ्या. 8, 6, 6 आणि 3, मिळून 23 तरंग. नायकाचा जन्म झाला की पहिला टप्पा संपला. ज्याला उतरायचं आहे तो तिथे मानाने उतरतो, 'अर्धवट सोडलं' असं कुणाला वाटत नाही. आठवड्याला तीन तरंग, पण लंबक संपला की आठवडाही संपवायचा, पुढच्या लंबकातला एखादा तरंग ओढून आणायचा नाही. असे आठ आठवडे होतात. मी वेळापत्रकात दहा लिहिले. दोन आठवडे कोरे.

हे कोरे आठवडे आधीच तारखेसकट छापा, 'गरज पडली तर' असं म्हणू नका. आमचा एक कोरा आठवडा अनंत चतुर्दशीचा होता. त्या रात्री इंदुरात मिलच्या झाक्या, म्हणजे चित्ररथ, निघतात, पहाटेपर्यंत कुणी घरी नसतं, पुस्तक कोण उघडणार? होळीच्या सुमारास वाचणार असाल तर रंगपंचमीचा आठवडा सोडा. गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, बघून आलेला माणूस दोन दिवस फक्त आंघोळ करतो. शिवाय माझ्यासारखं कुणी असेल तर अकरा आणि वीस या जीएसटीच्या तारखा बघा, दहावी-बारावीची मुलं घरात असतील तर फेब्रुवारी-मार्चकडे फिरकूच नका.

आता प्रतींचं. सगळ्यांकडे एकच आवृत्ती असेल ही आशा सोडा. आमच्यात काही जण मराठी अनुवाद वाचत होते, एक काका हिंदी, आणि न्यूजर्सीची भाची टॉनीचा इंग्रजी अनुवाद, जो 1880 ते 1884 या काळात छापला गेला आणि आता नेटवर मोफत मिळतो. पेंझरने टीपा जोडून त्याचेच दहा खंड केले, 1924 ते 1928 मध्ये. ते सुरेख आहेत, पण पहिल्या वाचनाला घेऊ नका, माणूस टीपांतच राहतो. 'निवडक गोष्टी' छापाची मुलांची पुस्तकंही बाद करा, कारण त्यांत नेमकी बाहेरची चौकट कापलेली असते. आणि आजच्या मराठी अनुवादाचं स्कॅन गटावर टाकू नका. ग्रंथालयातून आणा, नाहीतर दोघांत एक विकत घ्या.

पान क्रमांकावर भरवसा ठेवायचा नाही, लंबक आणि तरंग सांगायचे, हे मला ठाऊक होतं. तरी फसले. पाचव्या वाचन-आठवड्यात मी लिहिलं, "तरंग 4 पर्यंत वाचून या." माझ्या डोक्यात दुसऱ्या लंबकातला चौथा तरंग होता, ज्यात उज्जयिनीचा चंडमहासेन पोकळ यंत्रहत्ती जंगलात उभा करून नायकाच्या बापाला, उदयनाला, पकडतो. टॉनीच्या प्रतीत प्रकरणांचे आकडे सलग, 1 ते 124. भाची रविवारी गूगल मीटवर आली ती पुस्तकातलं चौथं प्रकरण पुन्हा वाचून, जिथे उपकोशा तिच्या मागे लागलेल्या प्रतिष्ठित पुरुषांना काजळ फासून पेटीत कोंडते. मी म्हणतेय हत्ती, ती म्हणतेय पेटी. दहा मिनिटं आम्ही दोघी एकमेकींना धीराने समजावत होतो. शेवटी रामबागेतले काका म्हणाले, "अगं, हत्ती पण पोकळ आणि पेटी पण पोकळ, आत माणसंच आहेत, पुढे चला." तेव्हापासून दोन्ही आकडे लिहिते: लंबक 2, तरंग 4 (सलग 12). एका कागदावर सगळ्या टप्प्याचे जोड-आकडे लिहून त्याचा फोटो गटावर पिन करा. व्हॉट्सअ‍ॅपचं पिन जास्तीत जास्त तीस दिवस टिकतं, म्हणून ते पुन्हा लावायची आठवण फोनमध्ये टाकून ठेवा.

यापुढचा भाग सगळ्यात महत्त्वाचा, आणि पहिल्या खेपेला मी तो केलाच नव्हता: शिडी. दर आठवड्याचं वाचन सुरू व्हायच्या आदल्या रात्री 'कोण कोणाला सांगतंय' एवढंच लिहून पाठवायचं. कथेचा सारांश नाही, फक्त सांगणारा आणि ऐकणारा. पहिल्या लंबकाची आमची शिडी अशी होती:

शंकर → पार्वती (पुष्पदंत चोरून ऐकतो, शाप मिळतो)
वररुची, म्हणजे तोच पुष्पदंत → काणभूती पिशाच्च
काणभूती → गुणाढ्य
गुणाढ्य → सातवाहन राजा, शिष्यांच्या हातून
हे सगळं सोमदेव → सूर्यमती राणी

पाच ओळी. पण आठ दिवस आजारी पडलेला माणूस एवढं वाचून पुन्हा आत शिरू शकतो. शिडीशिवाय तो पान उघडतो, 'तो म्हणाला' वाचतो, तो म्हणजे कोण ते कळत नाही, आणि पुस्तक मिटतो. माझ्या मते गट मोडतात ते कंटाळ्याने नाही. मागे पडलेल्याला परत यायची लाज वाटते म्हणून मोडतात. म्हणून दुसरा नियम असा केला की राहिलेलं भरून काढायचंच नाही. दोन तरंग राहिले? सोडा, शिडी वाचा, आजच्या तरंगाला या. आमच्यातल्या एका वहिनींनी सबंध तिसरा लंबक असा ओलांडला आणि चौथ्यात सगळ्यांत जास्त त्याच बोलल्या.

शिडी लिहायचं काम एकट्याने करू नका. आम्ही पाळी लावली. ज्याची पाळी त्याला आमच्यात काणभूती म्हणतात, कारण तो बिचारा पिशाच्च एकाकडून ऐकलेली गोष्ट दुसऱ्याच्या हवाली करेपर्यंत सांभाळत बसलेला असतो. काणभूतीची कामं तीन: शिडी, एक प्रश्न, आणि रविवारी मीटची लिंक. बस. जास्त कामं दिलीत तर पाळी आली की लोक गावाला जातात.

प्रश्न कसा असावा? 'कसा वाटला तरंग?' याला उत्तर 'छान' असतं आणि पुढे शांतता. मोदकाचा तरंग घ्या (लंबक 1, तरंग 6). जलक्रीडा चालू आहे, राणी राजाला म्हणते 'मोदकैः', म्हणजे मा उदकैः, पाण्याने मारू नका. सातवाहनाला संधी फोडता येत नाही, तो मोदक मागवतो. राणी हसते. लाजलेल्या राजाला त्याचा मंत्री गुणाढ्य म्हणतो, सहा वर्षांत व्याकरण शिकवीन. दुसरा मंत्री शर्ववर्मा म्हणतो, सहा महिन्यांत. गुणाढ्य पैज लावतो आणि हरल्यावर संस्कृत, प्राकृत, देशी या तिन्ही भाषा सोडून देतो. आमची काणभूती त्या आठवड्यात एक कॉलेजातली मुलगी होती. तिने विचारलं: तुम्हाला एक भाषा सोडावी लागली तर कोणती सोडाल? आम्ही इंदूरचे. घरात मराठी, गल्लीत हिंदी, ऑफिसात इंग्रजी. एरवी पंधरा मेसेज पडतात, त्या दिवशी ऐंशी पडले. काकांनी लिहिलं की पोहे-जिलबीच्या ठेल्यावर मराठीत भांडता येत नाही, त्यामुळे हिंदी सोडणं अशक्य आहे. आत्यांनी तीन मिनिटांचा आवाजी निरोप पाठवला, त्यात सासरी ग्वाल्हेरला आल्यावर पहिली दोन वर्षं त्या हिंदीमुळे किती कमी बोलल्या ते होतं. गणपतीच्या तोंडावर हा तरंग आला हा निव्वळ योगायोग, पण जमलं तर तुम्हीही तो तिथेच आणा.

आवाजी निरोपांची मुभा द्याच. ज्यांना टाईप करणं जड जातं त्यांच्याकडेच बोलायला जास्त असतं. अट एकच: सुरुवातीला तरंगाचा आकडा बोलायचा. तीन मिनिटांचा निरोप दीडपट वेगाने दोन मिनिटांत ऐकून होतो, फार खळखळ करू नये.

मीट दर रविवारी नको, पंधरा दिवसांनी एकदा पुरे. आमची वेळ रात्री साडेआठ, तेव्हा भाचीकडे सकाळचे अकरा असतात. नोव्हेंबरात त्यांची घड्याळं मागे गेली की दहा. मोफत गूगल मीट तीन किंवा जास्त जण असतील तर साठ मिनिटांत आपोआप बंद होतं. त्याला पर्याय शोधू नका, त्यापेक्षा चांगला अध्यक्ष मिळणार नाही. पहिली भेट उपकोशेच्या तरंगावर ठेवा. पेटीच्या गोष्टीवर गप्प बसलेला माणूस मला अजून भेटायचा आहे.

एक गोष्ट मी आधी सांगायला हवी होती आणि सांगितली नाही. या ग्रंथात बायकांच्या लबाडीच्या कथा ढिगाने आहेत, आणि जातीवरून माणूस तोलणंही आहे. दुसऱ्याच लंबकात त्या कॉलेजातल्या मुलीने लिहिलं, "मी हे का वाचतेय?" दोन काकांनी 'त्या काळी असंच होतं' असं उत्तर दिलं, आणि ती जवळजवळ गेलीच. मी तिला फोन केला. मग नियम आला: राग गटावरच काढायचा, तरंगाच्या आकड्यासकट, आणि 'त्या काळी' हे वाक्य कुणी वापरायचं नाही. पुढे तिचे रागाचे मेसेज हेच आमचं सगळ्यात बारकाईचं वाचन ठरलं.

दुसऱ्या टप्प्यात आम्ही उडी मारली, थेट बाराव्या लंबकातल्या वेताळाकडे, सलग आकडे 75 ते 99. कर्मठ वाचकांना हे पटणार नाही. मला पटतं, कारण ही गोष्ट सगळ्यांना चांदोबापासून ठाऊक असते, आणि इथला राजा त्रिविक्रमसेन गोदावरीकाठच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे आपल्या पैठणचा निघतो तेव्हा गटात जान येते. शिडी मात्र इथे सगळ्यात उंच: पिशंगजट मुनी नरवाहनदत्ताला सांगतो, त्यात विक्रमकेसरी मृगांकदत्ताला सांगतो, त्यात म्हातारा ब्राह्मण विक्रमकेसरीला सांगतो, त्यात वेताळ राजाला सांगतो, आणि मध्येच एक मैना पोपटाला सुनावते.

इथे एक युक्ती करा. प्रत्येक गोष्ट वेताळाच्या प्रश्नापर्यंतच वाचायची आणि थांबायचं. काणभूतीने व्हॉट्सअ‍ॅपवर पोल टाकायचा. राजाचं उत्तर दुसऱ्या दिवशी वाचायचं. नवरा आणि भाऊ यांची डोकी चुकून एकमेकांच्या धडांवर बसतात, त्या गोष्टीला आमच्याकडे मतं पडली चार विरुद्ध पाच, आणि एका घरात नवरा-बायकोंनी वेगवेगळी दिली. राजाने काय सांगितलं ते इथे लिहीत नाही.

टप्पा संपला की गट रीतसर बंद करा, नाहीतर फुलं परत येतात. शेवटच्या मीटनंतर तीन दिवसांनी मी 'फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतात' ही सोय चालू केली. चौथ्या दिवशी सकाळी साडेसहाला आत्यांनी माझ्या एकटीच्या नंबरवर गुलाबाचं फूल पाठवलं. खाली लिहिलं होतं, "पंचतंत्र दहाव्या लंबकात आहे म्हणे. वीस तारीख होऊ दे तुझी, मग सांग."