या चुका टाळा: तान्ह्या बाळाची ॲलर्जी, घरघर आणि पहिली काही वर्षं

लहान मुलांच्या वॉर्डात मी १८ वर्षं सिस्टर आहे. दम लागलेली, अंगावर गांधी उठलेली, रात्रभर खाजवून रक्त काढलेली मुलं रोजची. त्यांच्या आईबाबांची माया कुठेच कमी नसते. पण ज्याच्यापासून फारसा धोका नाही ते त्यांनी घरातून हद्दपार केलेलं असतं आणि खरा धोका बाळाच्या उशाशीच असतो. त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा पाहून जीव तुटतो, म्हणून हे लिहिते आहे.

“३ वर्षांचा होईपर्यंत शेंगदाणा नको”

ही चूक आमच्याच क्षेत्राने शिकवली, हे आधी सांगायला हवं. घरात ॲलर्जी असेल तर मुलाला ३ वर्षांपर्यंत शेंगदाणा देऊ नका, असं अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००० साली सांगितलं होतं. उपयोगाचा पुरावा मिळेना, तेव्हा २००८ मध्ये तो सल्ला बाजूला ठेवला गेला. मग २०१५ मध्ये लंडनच्या गिडियन लॅक यांच्या गटाचा ‘लीप’ अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ४ ते ११ महिन्यांची ६४० बाळं होती, सगळी तीव्र एक्झिमा (कातडी कोरडी, लाल होऊन खाजणं) किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली. काहींना शेंगदाण्याचे पदार्थ नियमित दिले, काहींना ५ वर्षांपर्यंत पूर्ण बंद ठेवले. सुरुवातीची त्वचाचाचणी निगेटिव्ह असलेल्या मुलांपैकी, टाळणाऱ्यांत १३.७ टक्क्यांना शेंगदाण्याची ॲलर्जी झाली आणि खाणाऱ्यांत १.९ टक्क्यांना. वैद्यकीय सल्ला तेव्हाच उलटा फिरला, घरातला सल्ला मात्र अजून २००० सालातच आहे.

एक मुलगी आठवते, १४ महिन्यांची. तिच्या आईने रेघा आखून वही ठेवली होती. डावीकडे पदार्थ, उजवीकडे पहिल्यांदा दिल्याची तारीख. अंडं, शेंगदाणा, काजू, मासे या ओळींसमोर तारखेऐवजी लाल पेनाने फुली. मुलीचे गाल तिसऱ्या महिन्यापासून फुटलेले, कोपराच्या आणि गुडघ्याच्या घड्या ओलसर, लाल. मलम लिहून दिलेलं होतं, पण पिशवीतली ट्यूब जवळपास भरलेली. “स्टिरॉइड आहे ना, म्हणून हात धजावला नाही.” त्या दिवशी भावाच्या हातातल्या पीनट बटर लावलेल्या ब्रेडचा तुकडा तिने तोंडात घातला. २० मिनिटांत ओठ सुजले, अंगभर गांधी, २ उलट्या, आणि रडण्याचा आवाज घोगरा झाला. आवाज बदलला की आम्ही थांबत नाही. मी मांडी घट्ट धरली आणि डॉक्टरांनी बाहेरच्या बाजूला ॲड्रेनॅलिन, म्हणजे तीव्र ॲलर्जीवरचं तातडीचं इंजेक्शन, टोचलं. थोड्याच वेळात ती तिच्या नेहमीच्या आवाजात किंचाळली. इतकं छान रडणं मी फार कमी वेळा ऐकलंय. आई मात्र वही पुढे धरून म्हणत होती, “सिस्टर, मी हिला आजवर एकदाही दिलं नव्हतं हो.”

तोंडावाटे दिलं नव्हतं, हे खरंच. पण घरातले बाकी सगळे खात होते. तेच हात तिला उचलत होते, तेच कण चादरीवर पडत होते, आणि तिची कातडी जागोजागी उघडी होती. सुजलेल्या, फुटलेल्या कातडीतून अन्नाचे कण आत गेले की शरीर त्यांना शत्रू म्हणून ओळखायला शिकतं. तेच अन्न पोटात आधी गेलं तर शरीर त्याला आपलं मानायला शिकतं. बाळाच्या आयुष्यात ही दोन्ही शिकवणं एकाच वेळी चालू असतात, आणि या आईने नकळत पोटाचा रस्ता बंद करून कातडीचा उघडा ठेवला होता. कातडीचा बांध मजबूत ठेवणाऱ्या फिलॅग्रिन या प्रथिनाच्या जनुकातला दोष एक्झिमाशी जोडलेला आहे, हे २००६ मध्ये समोर आलं. म्हणजे काही बाळं जन्मतःच पातळ भिंत घेऊन येतात. त्यात आईचा काही दोष नाही. पण ती भिंत लिंपायची सोय आपल्या हातात असते.

म्हणून माझं पहिलं सांगणं नेहमी कातडीबद्दलच असतं. आंघोळ कोमट पाण्याने आणि थोडक्यात. अंग टिपून घ्यायचं, घासायचं नाही, आणि कातडी ओलसर असतानाच जाडसर मॉइश्चरायझर. लावण्याआधी हात धुवायचे, डबीतून बोटाने न काढता स्वच्छ चमच्याने काढायचं. लाल, सुजलेल्या जागी डॉक्टरांनी दिलेलं स्टिरॉइड मलम सांगितलं तितके दिवस आणि पुरेसं लावायचं. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत निघालेली मलमाची रेघ दोन तळव्यांएवढ्या कातडीला पुरते, हे माप मी प्रत्येक आईला तिच्याच बोटावर दाखवते. घाबरत घाबरत ठिपका लावला तर एक्झिमा महिनोन् महिने धुमसत राहतो. उलट, कातडी चांगली असलेल्या बाळाला ‘ॲलर्जी होऊ नये’ म्हणून जन्मापासून महागड्या क्रीमचे थर देण्यात अर्थ नाही. २०२० मध्ये आलेल्या ब्रिटनमधल्या १३९४ बाळांच्या ‘बीप’ अभ्यासात त्याने एक्झिमा टळला नाही.

आता खाण्याबद्दल. बाळ मान धरू लागलं, वरचं खाणं सुरू झालं, की अंडं आणि शेंगदाणा फार लांबवू नका. तीव्र एक्झिमा असेल किंवा आधीच कशाची ॲलर्जी दिसली असेल, तर डॉक्टरांना विचारूनच. माझी पद्धत सांगते: सकाळची वेळ, बाळ ठणठणीत, एका वेळी एकच नवा पदार्थ. अंडं पूर्ण शिजलेलं, शेंगदाण्याची गुळगुळीत पेस्ट पाण्यात पातळ केलेली. चमच्याच्या टोकावर थोडंसं, १० मिनिटं थांबायचं, मग बाकीचं, आणि पुढचे २ तास बाळ डोळ्यासमोर. अख्खे दाणे ५ वर्षांपर्यंत नाहीत, घशात अडकतात. एकदा जमलं की ‘झालं’ म्हणून सोडून देणारे पुष्कळ भेटतात. लीपमधली मुलं आठवड्यातून किमान ३ वेळा खात होती, वर्षानुवर्षं. सातत्य नसेल तर सुरुवातीचा फायदा टिकेलच असं नाही.

आणि कृपा करून गालावर पदार्थ चोळून ‘टेस्ट’ करू नका. वर कातडीबद्दल जे लिहिलं ते वाचल्यावर कारण वेगळं सांगायला नको.

“मी तर बाहेर जाऊन ओढतो”

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की केस पेपर भरतानाच पुढचं उत्तर कळतं. एका ७ महिन्यांच्या बाळाची छाती भरून आल्याची तिसरी भरती होती. बाबा सज्जन, रात्रभर जागणारे. बाळाला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारायचे, बाळाचं नाक त्यांच्या कॉलरमध्ये खुपसलेलं. मी बाळ घ्यायला गेले तर बाळाच्या टोपीलाही तंबाखूच्या धुराचा वास. त्यांनी घरात कधीच सिगारेट पेटवली नव्हती, आणि माझा त्यांच्यावर विश्वास होता. पण धूर कपड्यांत, केसांत, सोफ्यात, गाडीच्या सीटमध्ये बसून राहतो. घराबाहेर ओढणाऱ्यांच्या बाळांच्या लघवीतही निकोटिनचा अंश न ओढणाऱ्यांच्या बाळांपेक्षा जास्त सापडतो. गाडीची काच खाली केल्याने हे सुटत नाही, सुगंधी स्प्रेने तर नाहीच. उलट त्या स्प्रेने श्वासनलिकेला आणखी चुणचुण लागते.

याची सुरुवात पोटात असतानाच होते. गरोदरपणी आई ओढत असेल तर बाळ जन्मतःच कमी क्षमतेची, अरुंद वाटांची फुप्फुसं घेऊन येतं. जन्मानंतरही फुप्फुसातल्या हवेच्या पिशव्या वर्षानुवर्षं वाढत असतात. त्या वाढीच्या काळात धूर म्हणजे ओल्या सिमेंटवर पाय. खोलीत जळणाऱ्या डासांच्या कॉइलचा आणि चुलीचा धूरही यातच धरा.

सोडणं हाच उपाय, आणि त्यासाठी औषधं मिळतात, समुपदेशन मिळतं. सुटेपर्यंत निदान इतकं: ओढून आल्यावर शर्ट बदला, हात-तोंड धुवा, मगच बाळाला घ्या. त्या बाबांनी मला “किती दिवसांत फरक पडेल?” असं विचारलं होतं. सगळ्यांनाच दिवसांत उत्तर हवं असतं. मी त्यांना सांगितलं, पुढची सर्दी येईल तेव्हा बघू. पुढच्या सर्दीत बाळाला भरती करावं लागलं नाही. एका बाळावरून नियम काढता येत नाही, पण मला ते दोघं ओपीडीतून घरी परत जाताना दिसले, ते विसरले नाही.

बाकीच्या, थोडक्यात

‘५० पदार्थांची ॲलर्जी एका रक्तचाचणीत’ हा शॉर्टकट घेऊ नका. चाचणी पॉझिटिव्ह येणं म्हणजे शरीराने तो पदार्थ ओळखला, इतकंच. खाऊन त्रास होतो का, हा प्रश्न वेगळा. रिपोर्ट बघून दूध, अंडं, गहू सगळं बंद केलेली, वजन खालावलेली मुलं मी पाहिली आहेत. तीच गोष्ट अंगावर पाजणाऱ्या आईची: बाळाला ठोस त्रास नसताना तिचं खाणं तोडू नका.

वर्षाला ६ ते ८ सर्द्या ही लहान मुलाची सामान्य गोष्ट आहे. त्या विषाणूंच्या असतात, उरलेलं अँटिबायोटिक त्यावर चालत नाही.

भिंतीवरच्या बुरशीवर रंग मारू नका, पाणी कुठून झिरपतंय ते शोधा. ओल आणि बुरशी दम्याला खतपाणी घालतात.

‘माती खाऊ द्या, प्रतिकारशक्ती वाढते’ हे अर्धवट ऐकलेलं आहे. डेव्हिड स्ट्रॅचन यांनी १९८९ मध्ये मांडलं की भावंडं जास्त असलेल्या घरांत गवतज्वर (परागकणांच्या ॲलर्जीची सर्दी) कमी दिसतो. पुढे २०१६ मध्ये अमेरिकेतल्या आमिश आणि हटेराइट या दोन शेतकरी समाजांची तुलना झाली. गुराघोड्यांसोबत जुन्या पद्धतीची शेती करणाऱ्या आमिश मुलांत हटेराइट मुलांपेक्षा दमा बराच कमी निघाला. यातून घरातला कुत्रा हाकलायची गरज नाही, मुलाला अंगणात खेळू द्या, एवढं घ्या. हात धुणं आणि लसी सोडायला यात कुठेच सांगितलेलं नाही. ३ महिन्यांच्या बाळाचा सर्दी झालेल्या पाहुण्याने पापा घेणं तर अजिबात नको.

प्रत्येक घरघर म्हणजे दमा नव्हे. अमेरिकेतल्या टक्सनमध्ये १९८० पासून मुलांचा पाठपुरावा झाला. ३ वर्षांच्या आत घरघर झालेल्या मुलांपैकी निम्म्याहून अधिक मुलांची घरघर ६ वर्षांपर्यंत थांबलेली होती. एक्झिमा, आई-बाबांना दमा, सर्दी नसतानाही घरघर, असं एकत्र आलं तर मात्र डॉक्टर पुढचा विचार करतात. आणि डॉक्टरांनी श्वासातून औषध द्यायचा पंप दिला तर तो द्या. ‘पंपाची सवय लागते’ हे खरं नाही. पंपाला जोडायच्या नळकांड्याचा, म्हणजे स्पेसरचा, मास्क चेहऱ्याला चिकटलेला हवा, फट राहिली की औषध हवेत जातं. बाळ किंचाळत असताना दिलेलं औषध आत फार थोडं पोचतं, म्हणून आधी शांत करा. स्पेसर साबणाच्या पाण्यात बुडवून काढा आणि न पुसता वाळू द्या. कोरड्या फडक्याने पुसला तर आत स्थिर वीज तयार होऊन औषध भिंतींना चिकटतं.

खेळता-खेळता अचानक ठसका लागला आणि तेव्हापासून एकाच बाजूला घरघर असेल, तर श्वासनलिकेत काही अडकलं असण्याची शंका घ्या आणि लगेच हॉस्पिटल गाठा. पंप मारत घरी बसू नका.

फोनवर मला विचारतात, “सिस्टर, बघा ना, जोरात श्वास घेतोय का?” बघून सांगता येत नाही, मोजावं लागतं. बाळ शांत किंवा झोपलेलं असताना कपडा वर करा, घड्याळ लावून पूर्ण १ मिनिट छाती-पोट वर येताना मोजा. अर्ध्या मिनिटाची दुप्पट करू नका, तान्ह्यांचा श्वास अडखळत चालतो. २ महिन्यांखाली ६० किंवा जास्त, २ ते ११ महिन्यांत ५० किंवा जास्त, १ ते ५ वर्षांत ४० किंवा जास्त आले, तर त्याच दिवशी डॉक्टर. बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, ओठ निळसर दिसत असतील, बाळ दूध ओढत नसेल किंवा प्रत्येक श्वासाला कण्हत असेल, तर मोजत बसू नका, निघा.