युरोपातली जुनी देवळं-चर्च बघायची तर आधी प्रदक्षिणा घाला

स्पेन-इटलीला जायचं म्हटलं की आपल्याकडं पहिला प्रश्न एकच, किती दिवसात किती शहरं होतील. मी साताऱ्याचा, आईला घेऊन जाऊन आलो, आणि मनापासून सांगतो, शहरं कमी करा आणि एकेका इमारतीला निदान दीड-दोन तास द्या. तिकडची जुनी इमारत म्हणजे एका माणसानं एकदा बांधून सोडून दिलेली वस्तू नसते, एकाच्या पोटात दुसरी, दुसरीच्या पोटात तिसरी असं असतं, आणि ते शोधायची सवय डोळ्याला लागली की मग गाईड नसला तरी चालतं.

सवय इथंच लावून घ्या. साताऱ्यापासून पंधरा-सोळा किलोमीटरवर लिंबला बारामोटेची विहीर आहे, शाहू महाराजांच्या काळात 1719 ते 1724 मध्ये वीरूबाई भोसले यांनी बांधून घेतलेली. पायऱ्या उतरून खाली जायचं आणि कमानीखाली उभं राहून फक्त दगड बघायचे. मधोमध वरचा दगड पाचरीसारखा असतो, तो दोन्ही बाजूंच्या दगडांना दाबून धरतो आणि वरचा भार वळून दोन्ही खांबांत जातो. हे एकदा डोळ्यात बसलं की रोमचं कलोसियम असो नाहीतर तिकडचा कुठला जुना पूल, सगळीकडं तेच ओळखीचं दिसायला लागतं. दुसऱ्या दिवशी वाईजवळ मेणवलीला जा. नाना फडणवीसांच्या वाड्यामागं कृष्णेच्या घाटावर मोठी घंटा टांगलीय, ती मुळात वसईच्या पोर्तुगीज चर्चमधली, 1739 ला चिमाजी अप्पांनी वसई घेतल्यानंतर इकडं आलेली. जवळ जाऊन बघा, घंटेवर बाळाला घेतलेली मेरी आहे. चर्चची घंटा आपल्या महादेवापाशी, आता तिकडं गेल्यावर नेमकं हेच शोधायचंय, फक्त कुणी कुणाचं काय वापरलं ते बघायचं.

तिकडं पोचल्यावर लगेच दारातून आत घुसू नका. आधी बाहेरून पूर्ण प्रदक्षिणा घाला, कारण समोरची बाजू बहुतेक वेळा सगळ्यात नवी असते आणि खरं वय कडेच्या भिंतीवर कळतं. इटलीच्या सिसिली बेटावर सिराक्यूजचं कॅथेड्रल, म्हणजे तिथलं मुख्य चर्च आहे, समोरून 18 व्या शतकातलं नक्षीदार चर्च, 1693 च्या भूकंपानंतर बांधलेलं दर्शनी तोंड. पण कडेच्या गल्लीत वळलं की भिंतीतून जाडजूड ग्रीक खांब बाहेर आलेत, इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातल्या अथेना या ग्रीक देवीच्या देवळाचे! देऊळ पाडलंच नाही, खांबांच्या मधली जागा भिंतीनं बुजवली आणि त्याचं चर्च केलं. आईनं त्या खांबाला हात लावला आणि म्हणाली, "अरे देऊळ हाय की हे अजून."

आत गेल्यावर खांबांचे पाय आणि डोकी बघा. यासाठी स्पेनमधल्या कोर्दोबाच्या मशीद-कॅथेड्रलसारखी दुसरी जागा मला माहीत नाही. 785 मध्ये पहिल्या अब्दुर रहमाननं सुरू केलेली ही मशीद, आठशेच्या वर खांब, आणि जुन्या भागातले कितीतरी खांब रोमन आणि व्हिसिगॉथ (रोमनांनंतर स्पेनवर राज्य केलेले लोक) इमारतींमधनं काढून आणलेले. त्यामुळं शेजारशेजारचे दोन खांब बघितले तर एक गुळगुळीत, एक पिळाचा, रंग वेगळा, डोक्यावरची नक्षी वेगळी. खांब बुटके पडले म्हणून छत उंच करायला कमानीवर कमान चढवलीय. लाल-पांढरे पट्टे जवळनं बघा, जुन्या भागात लाल म्हणजे खरी वीट आणि पांढरा म्हणजे दगड, पण सगळ्यात शेवटी वाढवलेल्या भागात दगडावर नुसता लाल रंग दिलाय. हे मी अर्धा तास मान वर करून शोधत होतो आणि सापडल्यावर झालेला आनंद अजून आहे. मग मधोमध एकदम 16 व्या शतकातलं कॅथेड्रल उभं राहतं, उजेड बदलतो, उंची बदलते, तिथं बाकावर बसून घ्या.

गुडघे दुखणारं कुणी बरोबर असेल तर स्पेनमधल्याच सेव्हिलचा हिराल्दा मनोरा सोडू नका. मशिदीचा मिनार होता तो 12 व्या शतकातला, वरचा घंटांचा भाग 16 व्या शतकात चढवला, आणि आत पायऱ्यांऐवजी उतार आहेत, 35, घोड्यावरून वर जाता यावं म्हणून केलेले असं सांगतात. फक्त शेवटी थोड्या पायऱ्या. आई थांबत थांबत वर आली.

रोममध्ये पँथिऑन, जुनं रोमन देऊळ, पुढं त्याचं चर्च झालं. घुमटाचा व्यास 43 मीटर आणि जमिनीपासूनची उंचीही तेवढीच, आत लोखंडी सळई नाही, वर जाईल तसं काँक्रीट हलकं आणि पातळ होत जातं. मधल्या उघड्या भोकातून पाऊस आत येतो म्हणून फरशीत बारीक भोकं आहेत, ती खाली बघून शोधा, बाकी सगळे वरच बघत असतात.

आता व्यवहाराचं. स्पेनमधल्या ग्रॅनडाचा अल्हाम्ब्रा, म्हणजे तिथल्या मुस्लिम राजांचा किल्ला-महाल, बघायचा असेल तर तिकीट खूप आधी काढा, त्यातल्या नासरी महालांची वेळ ठरलेली असते, ती चुकली तर आत सोडत नाहीत, पासपोर्टही जवळ ठेवा. चर्चमध्ये खांदे-गुडघे झाकलेले पाहिजेत, एक ओढणी बॅगेत असू द्या. छोटी चर्च दुपारी बंद होतात, आम्ही एकदा भर उन्हात एकला पोचलो आणि आई बंद दाराच्या पायरीवर बसून राहिली, त्यामुळं छोटी सकाळी उरका आणि दुपार मोठ्या ठिकाणी घालवा. आणि सुटी नाणी जपून ठेवा, इटलीत बऱ्याच चर्चमध्ये अंधाऱ्या कोपऱ्यातल्या चित्राशेजारी एक पेटी असते, नाणं टाकलं की थोडा वेळ दिवा लागतो, तेव्हा कॅमेरा खिशात ठेवून आधी चित्र बघून घ्या.