खुबा अडकतो म्हणजे नेमकं काय होतं (आणि स्ट्रेच करून तो का सुटत नाही)

बराच वेळ बसून उठलं की जांघेत कळ येते, बूट घालायला वाकलं की पुढून कोणीतरी चिमटा काढल्यासारखं होतं, आणि आपण म्हणतो स्नायू आखडलाय, म्हणून अजून जोर लावून ताणतो. मी आठ महिने हेच केलं. रोज सकाळी गुडघा छातीशी आवळून धरायचो आणि दुखणं काही केल्या कमी होईना. मग कळलं की आखडलंय वगैरे काही नाही, हाड हाडाला लागतंय, आणि मी रोज ते तिथेच नेऊन आपटत होतो.

याला हिप इम्पिंजमेंट म्हणतात. खुब्यात एक गोळा असतो (मांडीच्या हाडाचं डोकं) आणि तो कंबरेच्या हाडातल्या वाटीत फिरतो. कळायला हे करून बघा: एका हाताची मूठ वळा, दुसऱ्या हाताची वाटी तिच्यावर उपडी ठेवा आणि मूठ पुढे वाकवा, मनगट बारीक असल्यामुळे वाटीच्या काठाला लागत नाही. आता मनगटावर जाड रुमाल गुंडाळून परत वाकवा, लगेच अडकेल. गोळ्याखालच्या मानेवर असं जास्तीचं हाड असलं तर तो कॅम प्रकार, आणि वाटीचाच काठ जास्त पुढे आला असेल तर पिन्सर. बऱ्याच जणांना दोन्ही थोडं थोडं असतं. कॅमचा उंचवटा साधारण वाढत्या वयात तयार होतो, त्या वयात फुटबॉल, आइस हॉकी असे खेळ जोरात खेळणाऱ्या मुलांत जास्त दिसतो.

आता सांध्याचं काय होतं ते. वाटीच्या काठाला लॅब्रम नावाची कडी असते, डब्याच्या झाकणातल्या रबरी रिंगसारखी, आतलं वंगण आत धरून ठेवते. पिन्सरमध्ये ही रिंग दोन हाडांच्या मधे चिरडते. कॅममध्ये तो उंचवटा घुसतो वाटीच्या आत, आणि पुढच्या-वरच्या काठाजवळची कूर्चा (हाडावरचं गुळगुळीत आवरण) खालच्या हाडापासून सोलत नेतो, ओल आलेल्या भिंतीवरचा रंग पोपडा धरून सुटावा तसा. वाईट भाग हा की कूर्चेला नसा नसतात, त्यामुळे तिचं नुकसान गुपचूप होतं, आणि एकदा झिजली की पहिल्यासारखी परत येत नाही. मोठा कॅम असलेल्यांना पुढे खुब्याच्या संधिवाताचा धोका जास्त असतो, पण सगळ्यांना होतोच असं अजिबात नाही.

ओळखायचं कसं? कुठे दुखतं विचारलं तर माणूस अंगठा मागे आणि बोटं पुढे अशी खुब्यावर पकड घालून दाखवतो, इंग्रजी सी अक्षरासारखी. डॉक्टर पाठीवर झोपवून गुडघा वर, मग आतल्या बाजूला आणि पाऊल बाहेर असा पाय फिरवतात, तेव्हा तीच ओळखीची कळ आली तर संशय बळावतो. घरी हे पुन्हा पुन्हा करून बघू नका प्लीज. मग एक्स-रे, लागलाच तर एमआरआय. आणि नुसत्या रिपोर्टवर घाबरू नका, काहीही न दुखणाऱ्या कितीतरी लोकांच्या एक्स-रेमध्ये कॅम दिसतो. २०१६ मध्ये तज्ज्ञांनी एकत्र बसून ठरवलंय की त्रास, तपासणी आणि फोटो, तिन्ही जुळलं तरच हे निदान.

करायचं काय, तर आधी खुबा जास्त दुमडून चिमटा बसतो तो कोन टाळा. खुर्ची इतकी उंच करा की खुबा गुडघ्यापेक्षा वर राहील, सायकलची सीट थोडी वर घ्या, स्क्वॉट चिमटा बसायच्या आधीच थांबवा, मग जिममध्ये कोणी काही म्हणो. गुडघा छातीशी ओढणं बंद. त्याऐवजी नितंबाचे आणि पोटाचे स्नायू मजबूत करा, फिजिओकडून शिकून, आणि निदान तीन महिने द्या, दोन आठवड्यांत फरक नाही म्हणून सोडू नका. माझा साधा नियम, व्यायामाने मागे नितंबात थकवा आला तर चालू ठेवायचं, पुढे जांघेत टोचलं तर तो व्यायाम माझा नाही.

तरी नाहीच भागलं तर दुर्बिणीतून ऑपरेशन असतं, जास्तीचं हाड घासतात, लॅब्रम शिवतात. ब्रिटनमध्ये ३४८ जणांवर झालेल्या ट्रायलचा निकाल २०१८ मध्ये आला, त्यात वर्षभराने फिजिओवाले आणि ऑपरेशनवाले दोघंही सुधारले होते, ऑपरेशनवाले थोडे जास्त. पण कूर्चा आधीच बरीच झिजली असेल तर फायदा कमी, म्हणून वर्षानुवर्षं अंगावर काढण्यातही अर्थ नाही.

आणि पायावर भारच टाकता येत नसेल, ताप असेल, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं असेल, किंवा पळणाऱ्या माणसाला पाऊल टेकवताना दरवेळी जांघेत कळ जात असेल, तर यातलं काहीही करत बसू नका, आधी डॉक्टर. पळणाऱ्यांत हाडाला बारीक तडाही जाऊ शकतो आणि तो अगदी याच जागी दुखतो.