वजन कमी करण्याच्या ऑपरेशनसाठी सर्जन कसा निवडावा आणि तारखेपर्यंतचे दिवस कसे घालवावेत

ज्या सर्जनकडून मी शेवटी ऑपरेशन करून घेतले, त्यांनी पहिल्याच भेटीत मला उजव्या हाताची तीन बोटे डाव्या मनगटावर ठेवायला लावली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत एक मिनिटभर माझी नाडी मलाच मोजायला सांगितली. ती ८८ भरली. "रोज सकाळी मोजा आणि वहीत लिहा," ते म्हणाले, "ऑपरेशननंतर बसल्या जागी हा आकडा १२०च्या वर गेला, तर पोट दुखत असो वा नसो, रात्री दोन वाजतासुद्धा आम्हाला फोन करायचा." जठराला घातलेल्या टाक्यांतून गळती सुरू झाली, तर पुष्कळदा ताप येण्याआधी नाडी वाढते, हे मला त्या दिवशी समजले. ऑपरेशनची तारीख मात्र त्यांनी त्या भेटीत दिली नाही. त्याआधी मी ज्या रुग्णालयात गेले होते, तिथे दहा मिनिटांत ऑपरेशनचा प्रकार, तारीख आणि खोलीचे भाडे ठरले होते आणि अनामत रकमेची पावतीही हातात पडली होती. मला किती वर्षांपासून मधुमेह आहे, हे मात्र कोणी विचारले नव्हते. ती अनामत परत मिळवायला दोन महिने हेलपाटे घालावे लागले.

म्हणून या मार्गाने जाऊ पाहणाऱ्या प्रत्येकाला मी पहिली गोष्ट हीच सांगते की, सर्जन तुम्हाला वाट पाहायला लावतो का आणि त्या काळात तुमच्याकडून काय करून घेतो, यावरून त्याची पारख करावी. काही देशांत सरकारी रुग्णालयांच्या यादीत नाव लागून वर्षानुवर्षे थांबावे लागते. आपल्याकडे खासगी रुग्णालयात पैसे भरले की आठवड्याभरात तारीख मिळू शकते, आणि नेमका तिथेच धोका आहे.

आपण या ऑपरेशनसाठी पात्र आहोत की नाही, हे आधी घरीच पडताळून पाहावे. किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की बीएमआय मिळतो. माझे वजन ११२ किलो आणि उंची १५७ सेंटिमीटर होती, म्हणजे ११२ भागिले २.४६, उत्तर सुमारे ४५. आशियाई लोकांना कमी वजनातच मधुमेह आणि हृदयविकार गाठतो, हे लक्षात घेऊन २०२२ सालच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी आपल्यासाठी ऑपरेशनच्या पात्रतेची बीएमआय मर्यादा २७.५ पर्यंत खाली आणली आहे. विम्याचे गणित मात्र निराळे आहे. विमा नियामक प्राधिकरणाच्या प्रमाणित शब्दरचनेनुसार वय किमान १८ असावे, बीएमआय ४० किंवा अधिक असावा, अथवा ३५ किंवा अधिक असून सोबत हृदयविकार, झोपेत श्वास अडकण्याचा तीव्र त्रास किंवा आटोक्यात न येणारा मधुमेह यांसारखा गंभीर आजार असावा, आणि आधी केलेले साधे उपाय निष्फळ ठरलेले असावेत. त्यामुळे डॉक्टर वैद्यकीयदृष्ट्या "करायला हरकत नाही" म्हणाले, तरी विमा कंपनी नाही म्हणू शकते. आहारतज्ज्ञाकडच्या जुन्या चिठ्ठ्या, व्यायामशाळेच्या पावत्या, साखरेचे आणि झोपेच्या तपासणीचे अहवाल तारखेनुसार लावून ठेवावेत, आणि पहिल्या भेटीतच डॉक्टरांच्या लेटरहेडवर उंची, वजन आणि सोबतचे आजार लिहून घ्यावेत. पॉलिसी नवी असेल, तर आधीपासून असलेल्या आजारांसाठी कमाल ३६ महिन्यांचा प्रतीक्षाकाळ असू शकतो. तो संपला का, हे कॅशलेसच्या खिडकीवर जाण्याआधी पाहावे.

आता सर्जनविषयी. पदव्युत्तर पदवी एमएस किंवा डीएनबी (जनरल सर्जरी) असावी आणि नाव महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेच्या नोंदणीत, किंवा ज्या राज्यात ऑपरेशन करणार तिथल्या परिषदेच्या नोंदणीत, असावे. ही नोंदणी कोणालाही पाहता येते आणि ती पाहण्यात कसलाही अविश्वास नाही. पण ही पायाभूत गोष्ट झाली, कारण दुर्बिणीतून पित्ताशय उत्तम काढणारा सर्जन जठराचे ऑपरेशनही तितकेच सफाईने करेल, असे गृहीत धरता येत नाही. आपण वर्षाला अशी किती ऑपरेशने स्वतः करता, गेल्या काही वर्षांत किती रुग्णांना गळती किंवा रक्तस्राव झाला आणि त्या वेळी आपण काय केले, हे मी भेटलेल्या तिन्ही सर्जनना विचारले. पहिले म्हणाले, "आमच्याकडे असे होतच नाही." दुसऱ्यांना प्रश्न आवडला नाही. तिसऱ्यांनी खुर्ची जवळ ओढली, गळती झालेल्या एका रुग्णाची हकिगत नाव न घेता सांगितली, त्याला किती दिवस अतिदक्षता विभागात ठेवावे लागले आणि एंडोस्कोपीतून, म्हणजे तोंडावाटे दुर्बीण घालून, गळती झाकणारी नळी (स्टेंट) कशी बसवली, हे कागदावर चित्र काढून दाखवले. अनुभवी केंद्रांत पहिल्या ३० दिवसांत मृत्यू होण्याचे प्रमाण हजारात एक ते तीन इतके कमी आहे, पण ते शून्य नाही, हेही त्यांनीच सांगितले. गुंतागुंत झालीच नाही असे म्हणणाऱ्यापेक्षा झालेली गुंतागुंत निस्तरलेला माणूस मला अधिक भरवशाचा वाटला, आणि आजही वाटतो.

ऑपरेशन कोणते करायचे, याची चर्चा सर्जनने तुमच्या शरीराकडे बघून करायला हवी. स्लीव्ह या प्रकारात जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग स्टेपलरने कापून कायमचा काढून टाकतात आणि उरते ती केळ्याच्या आकाराची अरुंद नळी. बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाची साधारण ३० मिलिलिटरची पिशवी वेगळी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. ज्यांना छातीत जळजळ आणि आंबट पाणी वर येण्याचा जुना त्रास आहे, त्यांचा त्रास स्लीव्हनंतर वाढू शकतो, म्हणून अशांना बहुधा बायपास सुचवतात. जुन्या, हट्टी मधुमेहातही बायपासचे पारडे जड असते. उलट बायपासनंतर जीवनसत्त्वांची आणि लोहाची कमतरता जास्त सतावते आणि आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या जन्मभर टाळाव्या लागतात, कारण त्यांनी जोडावर व्रण पडतो. शेतात राबून गुडघेदुखीसाठी दर आठवड्याला मेडिकलमधून गोळी आणणाऱ्या बाईला ही गोष्ट आधी कळायलाच हवी. "मला हेच ऑपरेशन का, आणि दुसरे का नको?" या प्रश्नाचे उत्तर तुमच्या अहवालांतून आले, तर ठीक, ते दरपत्रकातून आले, तर दुसऱ्या सर्जनचे मत घ्यावे.

पैशांबाबत एवढेच विचारावे की सांगितलेल्या रकमेत स्टेपलरच्या पिनांची काडतुसे, भूलतज्ज्ञांची फी आणि एखाद्या गुंतागुंतीमुळे वाढलेले दिवस धरले आहेत का. उत्तर लेखी घ्यावे.

सर्जनइतकेच महत्त्व त्याच्या मागे उभ्या असलेल्या माणसांना आहे. रात्री अतिदक्षता विभागात कोण असते, आणि आहारतज्ज्ञ ऑपरेशननंतर किती वर्षे भेटते, हे विचारावे. मी साताऱ्याहून पुण्याला जात असे. तिथल्या आहारतज्ज्ञ बाईंनी मला छापील तक्ता देण्याआधी माझ्या घरी भाकरी ज्वारीची होते की बाजरीची, डाळ किती दाट असते आणि रात्रीचे जेवण किती वाजता होते, हे विचारून घेतले. मला तिथेच धीर आला. बाहेरगावच्या रुग्णांनी आणखी दोन गोष्टी ठरवून ठेवाव्यात. घरी सोडल्यानंतर पहिला आठवडा-दहा दिवस रुग्णालयाच्या जवळपास मुक्काम करावा, आणि गावातल्या डॉक्टरांना ऑपरेशनची पूर्ण माहिती आधीच देऊन ठेवावी. शक्य असेल, तर त्याच सर्जनचे ऑपरेशन पाच वर्षांपूर्वी झालेल्या एखाद्या रुग्णाशी बोलावे. सहा महिन्यांपूर्वी झालेले सगळेच आनंदात असतात. बाकावर भेटलेल्या एका काकांनी मला सांगितले की, तिसऱ्या वर्षी त्यांनी बी-१२ची इंजेक्शने स्वतःच बंद केली आणि वर्षभरात पायांना मुंग्या येऊ लागल्या; रुग्णालयातून त्या काळात एकही फोन आला नव्हता. पूरक जीवनसत्त्वे आणि रक्ततपासण्या आयुष्यभराच्या असतात, आणि जो सर्जन हे पहिल्या भेटीत बजावतो, तो पाचव्या वर्षीही तुमची फाइल उघडतो.

निवड झाली की वाट पाहण्याचा काळ सुरू होतो, आणि तो मनाप्रमाणे जाईलच असे नाही. माझी तारीख पुढे गेली. एंडोस्कोपीत हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू सापडला, १४ दिवसांच्या गोळ्या झाल्या, त्यानंतर काही आठवडे थांबून तो गेल्याची खात्री करावी लागली. त्यातच माझे एचबीएवनसी, म्हणजे गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी, १०.२ निघाले आणि ते खाली आल्याशिवाय भूलतज्ज्ञ होकार देईनात. शाळेतून मंजूर झालेली रजा वाया गेली, सासूबाईंनी "देवाच्याच मनात नाही" म्हटले आणि मी दोन दिवस कोणाशी बोलले नाही. पण वाढलेल्या साखरेवर जखम चिघळते आणि न तपासलेल्या जठरावर केलेले ऑपरेशन पुढे महागात पडते, हे समजून घेतल्यावर राग ओसरला. तारीख पुढे ढकलणाऱ्या डॉक्टरला सोडून लगेच तारीख देणाऱ्याकडे जाऊ नये.

या दिवसांत घरोघरी एक गोष्ट हमखास घडते. "आता पुढे खाता येणार नाही" म्हणून एक दिवस मिसळ, एक दिवस पुरणपोळी, मग बहिणीकडे मटणाचे जेवण, असे निरोपाचे जेवण सुरू होते आणि वजन चार-पाच किलो वाढते. मीही पहिल्या पंधरवड्यात हेच केले. ऑपरेशननंतर पुरणपोळी जन्मभर बंद होत नाही. काही महिन्यांनी तिचा चतकोर तुकडा खाता येतो आणि तेवढ्याने समाधान होते. हे आधी कोणी सांगितले असते, तर मी ती घाई केली नसती.

खाण्याची नवी रीत याच काळात अंगवळणी पाडावी. खोकल्याच्या औषधासोबत मिळणारे छोटे मापाचे झाकण मी स्वयंपाकघरात ठेवले होते आणि त्यात पाणी ओतून घोट-घोट पीत असे, म्हणजे ३० मिलिलिटर म्हणजे नेमके किती हे डोळ्यांना आणि जिभेला कळावे. जेवताना पाणी बंद केले आणि जेवणानंतर अर्ध्या तासाने प्यायला लागले. पहिले दोन आठवडे घास घशात अडकल्यासारखा वाटला, मग सवय झाली. पोळीचा एक घास वीस-पंचवीस वेळा चावायला लागलो की घरातली सगळी माणसे आपल्या आधी उठतात. त्यांना तसे आधीच सांगून ठेवावे.

तंबाखू आणि विडी-सिगारेट किमान सहा आठवडे आधी पूर्ण सुटली पाहिजे. मिसरीही यातच येते. अनेक बायका "मी तंबाखू खात नाही" असे प्रामाणिकपणे सांगतात आणि सकाळी मिसरी लावतात. तिच्यातला निकोटिन रक्तात जातोच आणि जखम भरण्यात अडथळा आणतो. झोपेत श्वास अडकत असेल आणि हवेच्या दाबाने श्वासमार्ग उघडा ठेवणारे सीपॅप मशीन दिले असेल, तर ते ऑपरेशनच्या आधीपासून रोज वापरावे. गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्ताच्या गुठळीचा धोका वाढतो, म्हणून त्यांची माहिती डॉक्टरांना द्यावी. मात्र ऑपरेशननंतर १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळायची असते, तेव्हा दुसरे साधन ठरवूनच त्या बंद कराव्यात.

शेवटच्या दोन आठवड्यांचे पथ्य सर्वांत कडक असते, आणि त्यामागचे कारण कळले की ते पाळणे सोपे जाते. यकृताचा डावा भाग जठरावर आडवा पसरलेला असतो. लठ्ठपणात यकृतात चरबी साठून तो जड आणि ठिसूळ होतो, आणि दुर्बिणीतून काम करताना तो उचलणे अवघड जाते. भात, पोळी, साखर, तळण बंद करून ताक, पनीर, अंड्यातील पांढरे, पातळ डाळ आणि प्रथिनांची पावडर यांवर राहिले की हा भाग दोन आठवड्यांत लक्षणीय आक्रसतो. पण इथे मधुमेहींनी फार जपावे. खाणे कमी झाले आणि इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड ही साखर उतरवणारी गोळी जुन्याच मात्रेत चालू राहिले, तर साखर एकाएकी उतरते. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या गोळ्या अशा पथ्यात रक्तातले आम्ल धोकादायकरीत्या वाढवू शकतात आणि त्या ऑपरेशनच्या किमान तीन दिवस आधी बंद करतात. वजनासाठी आठवड्याला घ्यायची जी इंजेक्शने आता आपल्याकडे मिळतात, त्यांनी अन्न पोटात जास्त वेळ राहते. भूल देताना ते उलटून फुप्फुसात जाऊ नये म्हणून शेवटचे इंजेक्शन कधी घेतले, हे भूलतज्ज्ञांना सांगितलेच पाहिजे. पथ्य सुरू होण्याच्या आदल्या दिवशी सगळ्या औषधांच्या पट्ट्या पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ओताव्यात आणि कोणती गोळी कोणत्या तारखेला थांबणार, हे लिहून घ्यावे. मनाने एकही बंद करू नये.

भरती होण्याच्या दिवशी वहीच्या पहिल्या पानावर तुमची रोजची नाडी, चालू औषधे, ऑपरेशनचे नाव आणि रात्रीचे दोन फोन क्रमांक ठळक लिहून ठेवा. माझी नाडी तोपर्यंत ७६ वर आली होती. ऑपरेशननंतर पहिले दोन दिवस तुम्हाला गुंगी असू शकते, तेव्हा मोजणारे कोणीतरी दुसरे लागते. म्हणून जे कोणी रात्री तुमच्याजवळ राहणार असेल, त्याची तीन बोटे तुमच्या मनगटावर ठेवून त्याला आधीच नाडी मोजायला शिकवा. माझ्या दिराला दोनदा चुकल्यावर तिसऱ्यांदा बरोबर आली.