पोरांना दान आणि नागरिकाची जबाबदारी शिकवायची असेल तर होळीपासून सुरुवात करा

"समाजासाठी काहीतरी करा" असं पोरांना नुसतं सांगून काही होत नाही, एखादं काम पहिल्यापासून शेवटपर्यंत त्यांच्या हातात द्यावं लागतं. आम्ही गल्लीतली आठ-दहा पोरं घेऊन हे करतोय, म्हणून कसं करायचं ते लिहितोय.

कोल्हापुरात असाल तर होळी पकडा. पंचगंगा स्मशानभूमीत महापालिका अंत्यसंस्कार मोफत करते, त्याला शेणी म्हणजे गोवऱ्या लागतात आणि होळीला लोक त्या दान देतात. आधी पोरांना तिथं घेऊन जा आणि काय लागतं, कधी आणायचं हे त्यांनाच विचारू दे, तुम्ही मध्ये बोलू नका. मग वर्गणी. होळी केवढी करायची आणि शेणींना किती ठेवायचे हे पोरांनी ठरवायचं, पाच रुपये आले तरी वहीत लिहायचे, आणि शेवटी हिशोब गल्लीत सगळ्यांसमोर वाचायचा. आमच्यातली सहावीतली एक पोरगी शेणी मोजताना मोडक्या बाजूला ठेवत होती, का विचारलं तर म्हणाली, ज्यांचं माणूस गेलंय त्यांना मोडकं कशाला द्यायचं. एवढं कळलं की निम्मं काम झालं बघा.

कारण देताना मान ठेवणं हेच अवघड असतंय. 2019 च्या महापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 55 फुटांच्या वर गेलेलं, धोक्याची पातळी 43, तेव्हा मदतीचे गठ्ठे सोडताना फाटके कपडे आणि एकाच पायातला बूट मी स्वतः बाहेर काढलाय. म्हणून नियम असा की आपण स्वतः घालू तेच द्यायचं, धुऊन, घडी घालून. आणि घेणाऱ्याचा फोटो काढायचा नाही.

आता दुसरी बाजू, जी लोक विसरतात. गल्लीतला दिवा बंद पडला तर त्याला वर्गणी काढायची नाही, महापालिकेत अर्ज करायचा. शाहू महाराजांनी बोर्डिंगांना, म्हणजे विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांना, मदत केलीच, पण प्रत्येक पोर शाळेत जावं म्हणून 1917 साली सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला, दान वेगळं आणि हक्क वेगळा हे पोरांना या उदाहरणावरून पटकन समजतं. अर्ज पोरांनीच लिहायचा, साध्या मराठीत: कुठला खांब, जवळची खूण, कधीपासून बंद. दोन प्रती काढायच्या, एक द्यायची, दुसरीवर शिक्का आणि आवक नंबर घ्यायचा. पोच घेतल्याशिवाय माघारी यायचं नाही. ती वहीत चिकटवायची आणि खाली पंधरा दिवसांनंतरची तारीख लिहायची, त्या दिवशी परत जायचं, आवाज न चढवता विचारायचं.

आमची वही आता दोन्हीकडून भरत आलीय, पुढून शेणींचा हिशोब, मागून अर्ज. गटारीच्या अर्जाची तारीख येत्या गुरुवारी आहे आणि चौकशीला कोण जाणार यावरून पोरांत भांडण लागलंय.