जुन्या गाडीत ऑटो डिमिंग मिरर बसवताय? आधी या चुका टाळा

पिंपळगावहून रात्री नाशिककडे येताना मागून कांद्याचा पिकअप अप्पर मारत चिकटला की काय हाल होतात ते इथल्या कुणालाही सांगायला नको, त्यात आता जो तो एलईडी टाकून फिरतोय. म्हणून जुनी स्विफ्ट, जुनी आय टेन, जुनी सिटी वाले पण ऑटो डिमिंग मिरर, म्हणजे मागून झगझगाट आला की आपोआप गडद होणारा मधला आरसा, बसवून घ्यायला लागलेत, आणि खरं सांगतो, या पैशात जुन्या गाडीत होणारं यापेक्षा कामाचं अपग्रेड मला तरी माहीत नाही. पण बसवल्यावर निम्मे लोक म्हणतात मिरर फॉल्टी निघाला. फॉल्टी वगैरे काही नसतो हो, बहुतेक वेळा वायर चुकीच्या ठिकाणाहून घेतलेली असते नाहीतर सेन्सर झाकला गेलेला असतो.

आधी हे काम कसं करतं ते समजून घ्या, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. या आरशात दोन काचा असतात आणि मध्ये एक जेल, त्याला सव्वा व्होल्टच्या आसपास सप्लाय दिला की जेल गडद होतं आणि करंट काढला की परत साफ. जेन्टेक्स म्हणून अमेरिकन कंपनी आहे, १९८७ पासून असे आरसे बनवते, बऱ्याच गाड्यांत कंपनीकडून येणारा मिरर त्यांचाच असतो. गडद कधी व्हायचं हे ठरवायला दोन सेन्सर, एक पुढच्या काचेकडे बघतो आणि बाहेर अंधार आहे का ते पाहतो, दुसरा तुमच्या बाजूला असतो आणि मागून झगझगाट येतोय का ते पाहतो. पुढे अंधार आणि मागे झगझगाट, दोन्ही एकदम असेल तरच मिरर गडद होणार. वायरी साधारण तीन, इग्निशनचा (चावी ऑन केल्यावर येणारा) १२ व्होल्ट, अर्थ (म्हणजे मायनस) आणि रिव्हर्सचा सिग्नल. कंपासवाल्या मिररला जास्त असतात पण कामाच्या या तीनच.

आता दोन सेन्सर लक्षात आले असतील तर पहिली चूक लगेच कळेल. लोक दुकानात भर दुपारी टॉर्च मारून बघतात, मिरर काही गडद होत नाही, आणि तिथेच परत करून मोकळे. अहो पुढचा सेन्सर दिवस बघतोय ना! आरशाच्या पाठीवरचा हा पुढचा सेन्सर काळ्या टेपने नीट झाका, बोटाने झाकलं तर कडेने उजेड शिरतो, मग तुमच्या बाजूच्या सेन्सरवर मोबाईलची टॉर्च मारा, काही सेकंदात काच निळसर काळी व्हायला पाहिजे. ही टेस्ट घेतल्याशिवाय सेकंडहँड मिरर घेऊच नका. आणि टेस्ट झाल्यावर टेप काढा, हे सांगायला विचित्र वाटतं पण टेप तशीच ठेवून गाडी घेऊन गेलेले लोक आहेत.

सेकंडहँड घेताना काचेच्या कडा पण बघा. तपकिरी डाग, बुडबुडे, किंवा गडद झाल्यावर एखादा कोपरा पांढराच राहतोय असं दिसलं तर सोडून द्या, त्याला रिपेअर नाही. जेल गळणारा मिरर तर फुकट दिला तरी नको, ते डॅशबोर्डचं प्लास्टिक खराब करतं आणि हाताला लागलेलं पण चांगलं नाही. आणि हो, अँटिग्लेअर नावाने जी निळी काच क्लिपने लावायला मिळते ती ऑटो डिमिंग नाही, ती दिवसरात्र निळीच. खाली दांडी असलेला साधा डे नाईट मिरर त्यापेक्षा कितीतरी बरा, दांडी ओढली की त्यात काचेच्या वरच्या थरावरून येणारा चारेक टक्केच उजेड डोळ्यात येतो, बजेट नसेल तर तेवढ्यावर पण भागतं.

आता वायरिंग, सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. मिररच्या जवळच केबिन लाइट असतो म्हणून वायरिंगवाला काय करतो, तिथूनच प्लस मायनस उचलतो, दहा मिनिटात काम झालं, खूश. पण बऱ्याच गाड्यांत केबिन लाइटला प्लस कायम चालू असतो आणि दरवाजाचं स्विच मायनस जोडतं तोडतं. म्हणजे त्या मायनसवर मिरर जोडला तर दरवाजा उघडा असतानाच मिरर चालणार, गाडी चालताना बंद! आणि मायनस बॉडीला दिला पण प्लस तिथलाच ठेवला तर मिरर रात्रंदिवस चालू. समजा ५० मिलिअँपिअर खातोय, म्हणजे दिवसाला १.२ अँपिअर अवर, छोट्या गाडीची बॅटरी ३५ ची असते, गाडी पंधरा दिवस पार्किंगला राहिली तर अर्धी बॅटरी गेली, आणि जुन्या गाडीची बॅटरी मुळातच थकलेली असते. मग सेल्फ मारला की टकटक आवाज आणि दोष कुणाला, बॅटरीवाल्याला.

बरोबर पद्धत अशी की फ्युज बॉक्समधला असा फ्युज शोधायचा जो चावी ऑन केल्यावरच चालू होतो, मल्टिमीटर किंवा टेस्ट लॅम्प लावून खात्री करायची, अंदाजाने नाही. तिथे फ्युज टॅप (फ्युजच्या जागी बसून नवीन वायरीला वेगळी लाईन देणारा तुकडा) लावायचा आणि मिररच्या लाईनला २ अँपिअरचा फ्युज पुरे. एअरबॅग, एबीएस (ब्रेकची सिस्टीम), ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) यांच्या फ्युजला हातसुद्धा लावायचा नाही, सिगारेट लायटर किंवा वायपरचा बघा. टॅप घेताना साईज बघा कारण फ्युज मिनी असतो, लो प्रोफाइल मिनी पण असतो आणि ते एकमेकांच्या जागी बसत नाहीत. टॅप उलटा बसला तर नवीन लाईनचा करंट पण जुन्या फ्युजमधूनच जातो, म्हणून जुना फ्युज काढून कुठल्या बाजूच्या पायाला सप्लाय येतोय ते आधी चेक करायचं. अर्थ डॅशबोर्डच्या खाली बॉडीच्या बोल्टला, रंग खरवडून. वायर नुसती पिळून वर टेप गुंडाळलेला जोड मला तर बघवत नाही, उन्हाळ्यात डिंक सुटतो आणि जोड उघडा पडतो, सोल्डर करून हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केली की आवळणारी नळी) चढवा. प्लस मायनस उलटे झाले तर मिररमधलं सर्किट जाऊ शकतं, म्हणून प्लग लावायच्या आधी परत एकदा मीटर. पिनचा क्रम गाडीगाडीत बदलतो, त्यामुळे व्हिडिओत लाल वायर प्लस होती म्हणून तुमची पण असेल असं धरून चालू नका.

वायर वर नेताना पुढच्या काचेच्या कडेच्या पिलरच्या कव्हरमधून नेतात. तुमच्या गाडीत कर्टन एअरबॅग (खिडक्यांच्या वर छताकडेला बसवलेली) असेल तर वायर तिच्या पुढून न्यायची नाही, मागून न्यायची, आणि एअरबॅगचा पिवळा कनेक्टर दिसला की तो सोडून बाकी काम करायचं.

रिव्हर्सच्या वायरचं लोकांना काही कळत नाही म्हणून ती सोडूनच देतात. सोडली तरी मिरर चालतो, फक्त रात्री गाडी मागे घेताना मागे कुणाची हेडलाइट असेल तर आरसा काळाच राहतो आणि तुम्हाला काही दिसत नाही. त्यासाठी डिकीपर्यंत वायर ओढायची गरज नसते, टचस्क्रीन आणि रिव्हर्स कॅमेरा बसवला असेल तर स्क्रीनच्या मागे रिव्हर्सची वायर आलेलीच असते, तिथून घ्या. पण हीच वायर चुकून चालू प्लसला जोडली तर मिररला वाटतं गाडी कायम रिव्हर्सलाच आहे आणि तो जन्मात गडद होत नाही. मिररवरचा एलईडी लागतो, त्याचं बटण चालतं, टेपची टेस्ट पण फेल, असं असेल तर सगळ्यात आधी ही वायर काढून बघा.

आता फास्टॅग. आपल्याकडे घोटी, शिंदे, पिंपळगाव कुठेही जा, टोल आहेच, आणि फेब्रुवारी २०२१ पासून टॅग सक्तीचा. तो चिकटवायची जागा कुठे तर काचेच्या मध्ये, आरशाच्या मागे, म्हणजे बरोबर पुढच्या सेन्सरच्या नाकासमोर. सेन्सर झाकला की त्याला कायम रात्रच वाटते, मग सकाळी त्र्यंबककडे निघालात, सूर्य पाठीशी आहे, की भर उजेडात आरसा काळा. डॅशकॅम, देवाचं स्टिकर, लटकवलेलं काहीतरी, सगळ्यांनी हेच होतं. टॅग काढायला गेलात तर तो फाटतो आणि नवीन घ्यावा लागतो, म्हणून मिरर चिकटवायच्या आधीच धरून बघा सेन्सरचं भोक कुठे येतंय.

माउंटिंगला दोन प्रकार, काही गाड्यांत आरसा छताला स्क्रूने असतो आणि काहींत काचेला चिकटवलेल्या बटणावर, म्हणजे आरसा अडकवायच्या छोट्या चकतीवर. नवीन मिरर जड असतो, त्यामुळे फेविक्विक चालणार नाही, उन्हात ते कडक होऊन सुटतं आणि मालेगाव साईडला मे महिन्यात बंद गाडीत काय तापतं ते माहितीये. मिररसाठीचा वेगळा गोंद मिळतो, काच आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसा, बटण लावा आणि एक दिवस मिरर टांगू नका. जुनं बटण स्क्रू ड्रायव्हरने उचकटलं तर काचच तडकते, हेअर ड्रायरने गरम करून मासेमारीच्या दोरीने कापत काढा. लावल्यावर आरसा थरथरत असेल तर बॉल जॉइंट (आरसा फिरवायचा गोल सांधा) ढिला आहे, नाहीतर तुमचा ब्रॅकेट त्या वजनाचा नाही.

काही गोष्टी बिघाड नाहीतच. नाशिकच्या के के वाघपासून गरवारेपर्यंतच्या उड्डाणपुलावर दिवे असले की पुढच्या सेन्सरला उजेड मिळतो, मग मिरर कमी गडद होतो किंवा मध्येच साफ होतो. निफाडच्या थंडीत पहाटे गडद व्हायला नेहमीपेक्षा वेळ लागतो, जेलच तसं आहे. गाडी बंद केली की आरसा साफ होतो, तेही बरोबरच, करंट नसताना तो साधा आरसा असतो. मागच्या काचेला काळी फिल्म असेल तर आधीच उजेड कमी येतो आणि मिरर फारसा काही करत नाही, तशी ती फिल्म २०१२ च्या सुप्रीम कोर्टाच्या आदेशानंतर चालत नाहीच. आणि मधला आरसा ऑटो झाला म्हणून बाजूचे होत नाहीत, कसारा घाटात मागच्या ट्रकचा उजेड उजव्या आरशातून डोळ्यात येणारच, त्यासाठी तो आरसा थोडा बाहेरच्या बाजूला फिरवून ठेवा.